शब्दचर्चा : 'मेंटॉर'ला पाठराखीण म्हणावं का?

मंडळी, एका शब्दासाठी मदत हवी आहे. एक म्हणता म्हणता तीन-चार निघतील, पण अडलंय ते एकाशीच.

मी मिनेसोटात राहते. गेली तीन वर्षं दर मंगळवारी सकाळी आमच्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या लुथरन चर्चच्या तळघरात गोधड्या शिवायला जाते. मी त्या पंथाची नाही, ख्रिस्ती नाही. सुई चालवता येते एवढं सांगितलं, त्यांनी खुर्ची सरकवून दिली. पंधरा-सोळा बायका असतो, बहुतेक सत्तरीच्या पुढच्या. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकासाठी त्यांच्यावर लेख लिहायला घेतलाय आणि मराठी शब्दांपाशी पुन्हा पुन्हा थांबतेय.

क्विल्टचा प्रश्न लवकर सुटला. रजई म्हटलं की कापूस भरलेली, विकत आणलेली वस्तू डोळ्यांपुढे येते. इथे वरचा थर जुने पडदे, शर्ट, चादरी यांच्या तुकड्यांचा, मध्ये बऱ्याचदा एखादं जुनं ब्लँकेट आणि खाली अस्तर. म्हणजे गोधडीच. माप साधारण ६० इंच बाय ८० इंच. त्या जातात 'लुथरन वर्ल्ड रिलीफ' या संस्थेकडे, आणि तिथून युद्धाने किंवा भूकंपाने घर गेलेल्या माणसांकडे. संस्था १९४५ सालची, महायुद्धानंतरच्या युरोपला मदत पाठवण्यासाठी निघालेली. अमेरिकेतल्या चर्चांच्या तळघरांतून अशा गोधड्या दर वर्षी लाखांवर तयार होतात. आपल्या गोधडीशी फरक एकच : आपण सगळीकडून धावदोरा घालतो, या बायका जाड दोऱ्याने ठरावीक अंतरावर गाठी मारतात. तरी मी गोधडीच लिहिणार.

पाठवायच्या आधीच्या रविवारी सगळ्या गोधड्या चर्चमधल्या बाकांच्या पाठींवर पसरतात. पूर्ण देवघर रंगांनी भरून जातं. लोक समोरच्या गोधडीवर हात ठेवून प्रार्थना करतात, ती पांघरणाऱ्या अनोळखी माणसासाठी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला बोलता येईना.

दुसरा शब्द 'व्हिज्युअल प्रॅक्टिस'. यातल्या काही जणी प्रार्थनेची वही ठेवतात. आजारी माणसाचं नाव मधोमध लिहायचं, भोवती रेघा, पानं, वेलबुट्टी काढत जायची, रंग भरायचा, आणि रंग भरून होईपर्यंत त्या माणसासाठी प्रार्थना चालू ठेवायची. काही जणी बायबलच्या समासात चित्रं काढतात. दोघी वेदीवरच्या वस्त्रांचं भरतकाम करतात. चर्चच्या वर्षातल्या काळाप्रमाणे त्यांचे रंग बदलतात : नाताळ आणि ईस्टरला पांढरा, ईस्टरआधीच्या उपवासकाळात जांभळा, पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला, लाल.

मी आधी 'चित्रसाधना' लिहिलं होतं. छान वाटलं. मग आमच्या चर्चच्या पाळकबाईंना साधना म्हणजे काय ते समजावून सांगायला गेले आणि माझंच मला कळलं की शब्द चुकला. साधना म्हणजे काहीतरी साधायचं असतं. कष्ट, नेम, आणि शेवटी प्राप्ती. ज्याच्या नावावरून हा पंथ ओळखला जातो त्या मार्टिन लुथरच्या, म्हणजे सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारकाच्या, शिकवणुकीचा गाभा याच्या अगदी उलट आहे : देवाची कृपा कमावता येत नाही, ती दिलेली असते, विश्वासाने घ्यायची असते. १५१७ साली जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये त्याचा वाद सुरू झाला तो पैसे देऊन पापाची शिक्षा माफ करून घेण्याच्या प्रथेवरून. त्या परंपरेतल्या बाईच्या वहीला साधना म्हणणं म्हणजे तिच्या तोंडी तिचा नसलेला धर्म घालणं.

आणि चित्रांशी लुथरचं नातं मला वाटलं होतं त्याहून खोल निघालं. १५२२ साली विटेनबर्गमध्ये लुथरचाच सहकारी कार्लस्टाट याच्या मताची माणसं चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं काढून टाकायला लागली, तेव्हा लुथर वार्टबुर्गच्या किल्ल्यातून परत आला आणि ओळीने आठ दिवस प्रवचनं करून त्याने ते थांबवलं. तीन वर्षांनी त्याने लिहिलं त्याचा आशय असा : ख्रिस्ताची गोष्ट ऐकली की माझी इच्छा असो-नसो, क्रुसावरच्या माणसाचं चित्र माझ्या हृदयात उमटतंच, ते हृदयात असणं पाप नाही, तर डोळ्यांसमोर असणं पाप कसं? १५२९ साली त्याने आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात पन्नासएक लाकूडठशांची चित्रं घातली, मुलांसाठी आणि साध्या माणसांसाठी. म्हणजे चित्र पुण्य मिळवायला नाही. ऐकलेलं मनात राहावं म्हणून. मी सध्या 'चित्रप्रार्थना' लिहिलंय. याहून बरं सुचलं तर सांगा.

आता खरी अडचण. मेंटॉर.

इथे नवी बाई आली की तिच्याशेजारी एक जुनी बाई बसते. कोणी नेमत नाही, पण बसते. सुईत दोरा ओवण्यापासून सुरुवात होते आणि हळूहळू बोलणं नवऱ्याच्या नोकरीवर, बाळंतपणावर, देवावरच्या रागावर जातं. माझ्याशेजारी बसल्या त्या एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांनी मला कधी उपदेश केला नाही. माझी गाठ सैल पडली की ती सोडून सुई परत माझ्या हातात द्यायच्या. वडील वारल्याची बातमी आली त्या आठवड्यात त्यांनी आपल्या वहीचं एक पान माझ्यापुढे सरकवलं. मधोमध माझ्या वडिलांचं नाव, रोमन अक्षरांत, आणि भोवती निळ्या रंगाची नदी.

याला 'मार्गदर्शक' म्हणू? मार्गदर्शक म्हटलं की मला पीएच.डी. आठवते. 'गुरू' म्हटलं की एक आसन उंच होतं, आणि इथे खुर्च्या सारख्याच आहेत. लुथरने तर सगळे विश्वासी याजकच, म्हणजे पुरोहितच, आहेत असं शिकवलं होतं. खुद्द मेंटॉर हे नाव ग्रीक महाकाव्यातलं. तो राजपुत्र तेलेमाखसची काळजी वाहणारा म्हातारा, पण राजपुत्राला खरी सोबत करते ती त्या म्हाताऱ्याचं रूप घेतलेली अथेना देवी. म्हणजे या शब्दाच्या पोटात मुळातच एक बाई आहे!

परवा आईशी फोनवर हे सगळं बोलत होते. ती सहज म्हणाली, "म्हणजे तुझी पाठराखीणच की ती."

पाठराखीण. लग्न होऊन नवी नवरी सासरी निघाली की तिच्यासोबत माहेरची एक जाणती बाई जायची, चार दिवस राहायची. नवरीला तिथे कोणी ओळखत नसतं. चूल कुठे, पाणी कुठे, कोणाशी कसं बोलायचं, रडू आलं तर कुठे रडायचं, हे सांभाळणारी ती.

मग मला एकदम कातरिना फॉन बोरा आठवली, लुथरची बायको. १५२३ साली ती इतर काही जोगिणींबरोबर निंबशेनच्या मठातून पळून विटेनबर्गला आली. पुढे चित्रकार लुकास क्रानाखच्या घरी राहिली, जिथे लुथरची आणि धर्मसुधारणेची बरीच चित्रं तयार होत होती. १३ जून १५२५ रोजी लग्न झालं तेव्हा हजर असलेल्या मोजक्या माणसांत लुकास आणि त्याची बायको बार्बरा होती. नवरीच्या माहेरचं नाव त्यात दिसत नाही. मठातून आलेल्या, संसार कधी न पाहिलेल्या त्या बाईला घर म्हणजे काय ते बार्बराच्याच घरात दिसलं असणार. माझ्या मनात तरी बार्बरा क्रानाख ही कातरिनाची पाठराखीण आहे.

तर, मेंटॉरला पाठराखीण चालेल का?

प्रतिसाद, साताऱ्याहून

ताई, शब्द मनात भरला. पण एक धोका सांगते. तुम्हाला 'मेंटॉरिंग'साठी भाववाचक नाम लागेल आणि तुम्ही 'पाठराखण' लिहाल. वर्तमानपत्रांनी तो शब्द बिघडवून ठेवलाय. 'दोषी अधिकाऱ्याची पाठराखण' असंच रोज वाचतो आपण. माझ्या मुलीला पाठराखण म्हणजे चूक झाकणं एवढंच माहीत आहे. पाठराखीण मात्र अजून स्वच्छ आहे, कारण तो शब्द पेपरात कधी गेलाच नाही.

प्रतिसाद, पांढुर्ण्याहून

आम्ही लुथरनच आहोत. स्वीडिश मिशनने १८७७ पासून या भागात काम केलं, त्यातून मध्य प्रदेशातलं आमचं लुथरन चर्च उभं राहिलं. मुख्य कार्यालय छिंदवाड्याला. उपासना हिंदीत, घरी मराठी. मराठीत लुथरन बायकांविषयी कोणी लिहितंय हे वाचून आनंद झाला.

एक सुचवते. 'श्रद्धाळू स्त्रिया' लिहू नका, 'भाविक' तर नकोच. आम्ही 'विश्वासी' म्हणतो, आणि ते नुसतं सवयीने नाही. लुथरच्या 'लहान प्रश्नोत्तरी' या शिकवणुकीच्या पुस्तकात दहा आज्ञांपैकी पहिलीचा अर्थ दिलाय : सगळ्यांहून अधिक देवाचं भय धरावं, त्याच्यावर प्रीती करावी आणि त्याच्यावर भरवसा ठेवावा. भरवसा हाच तिथला कणा. श्रद्धा कशावरही असते, भरवसा कोणावर तरी असतो.

माझी आजी जुन्या बायकांना 'बायबलबाई' म्हणायची. घरोघरी जाऊन वचन वाचून दाखवायच्या, अक्षरं शिकवायच्या, बरोबरीने शिवणही. तुमच्या पाठराखिणीच्या जवळचाच शब्द आहे, पण ती नेमणूक होती, पगार होता. तुमच्या शेजारच्या बाईला तो नको.

प्रतिसाद, नगरहून

बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या पस्तिसाव्या अध्यायात निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, बांधायची तयारी आहे. कुशल स्त्रिया हातांनी सूत कातून आणतात, निळं, जांभळं, किरमिजी. आणि बसालेल या कारागिराविषयी जे सांगितलंय त्यात कौशल्याच्या जोडीला दुसऱ्याला शिकवण्याची बुद्धीही देवाने त्याच्या मनात घातली असं आहे. हात आणि शिकवणं एकाच दानात.

दुसरं, बायबलच्या नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात टबीथा आहे, तिचंच दुसरं नाव दुर्कस. ती मरते तेव्हा विधवा रडत येशूचा शिष्य पेत्र याला तिने शिवलेले कपडे दाखवतात. मूळ ग्रीकमध्ये तिला शिष्य या शब्दाचं स्त्रीलिंगी रूप वापरलंय, आणि नव्या करारात ते रूप फक्त त्याच एका ठिकाणी येतं. म्हणून 'शिष्या' हा शब्द सोडू नका. पाठराखीण कोणाची? तर शिष्येची नाही, नव्या शिष्येची. दोघीही शिष्याच.

प्रतिसाद, नागपूरहून

माझी शंका वेगळी आहे. पाठराखीण परत जाते. चार-आठ दिवसांत नवरी रुळली की ती माहेरी निघते. तुमच्या मेंटॉरचं नातं तर वर्षानुवर्षांचं दिसतंय. शिवाय लग्नाचा संदर्भ चिकटलेला राहणार. वाचक आधी मंडप पाहील, मग चर्च.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार.

नागपूरच्या शंकेवर दोन दिवस विचार केला. पाठराखीण परत जाते म्हणूनच मला तो शब्द हवा आहे. माझ्या शेजारच्या बाई या वर्षी माझ्या बाजूला बसत नाहीत. एक नवी मुलगी येते, घटस्फोट झालेली, तिच्याजवळ बसतात. मी रुळले, त्या उठल्या. मला सुरुवातीला थोडं लागलं, खोटं का सांगू. पण त्यांनी मला सांगितलंही नव्हतं की मी कायम तुझ्याजवळ बसेन. आणि मंडप आधी दिसला तर दिसू दे. नव्या घरात पाऊल टाकतानाची धास्ती वाचकाला आधी जाणवली, तर चर्चचं तळघर त्याला जास्त कळेल असं मला वाटतं.

साताऱ्याचं म्हणणं पूर्ण पटलं. 'पाठराखण' वापरणार नाही. जिथे नाम लागेल तिथे 'पाठराखिणीचं काम' असं सरळ लिहीन, लांब झालं तरी.

'विश्वासी' पक्कं. भरवशाचं वाक्य लेखात घेऊ का, पांढुर्ण्याच्या ताई? तुमचं म्हणून घेईन, नाव न देता. टबीथाचं मला माहीत नव्हतं. आमच्या चर्चमधल्या एका बायकांच्या गटाचं नावच दुर्कस आहे आणि मी ते इतके दिवस नुसतं आडनाव समजत होते.

राहिलं एकच. त्या जाड दोऱ्याच्या गाठी. गादीवाला गादीला मारतो तशा दिसतात, पण दोऱ्याची टोकं वर मोकळी सोडतात, बोटभर. आपल्याकडच्या गोधडी शिवणाऱ्या बायकांकडे किंवा गादीवाल्यांकडे याला वेगळा शब्द असेल तर कृपया लिहा. अंक छापायला जायला अजून तीन आठवडे आहेत.