पिशवीवर प्रोटीन ४६ छापलं म्हणजे सोया पेंड चांगली? अजिबात नाही

शिरपूरकर
काल तात्यांनी लिहिलं की सोया पेंड (सोयाबीनचं तेल काढून उरलेला चोथा) सगळी सारखीच, प्रोटीन ४६ टक्के लिहिलंय ना मग झालं, डुकराची पिल्लं वाढत नसतील तर तुमचं शेड घाण आहे. वाचून डोकंच फिरलं. तात्या, तो ४६ आकडा नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणून काढलेला असतो, त्यावरून पेंड किती भाजली गेली ते कळत नाही. कच्ची राहिली तर ट्रिप्सिन इनहिबिटर, म्हणजे प्रथिनं पचू न देणारा घटक, तसाच राहतो अन् खाल्लेलं पचत नाही, जास्त भाजली तर लायसिन, म्हणजे वाढीला लागणारा प्रथिनातला घटक, साखरेला असं चिकटतं की पिल्लाच्या अंगी लागत नाही. दोन्हीत कागदावर ४६च! मोठं जनावर कसंबसं निभावून नेतं, नुकतं दूध तोडलेलं ७-८ किलोचं पिल्लू नाही नेत. माझ्याकडे मागच्या उन्हाळ्यात शेड तेच, मका तोच, माणूस तोच, फक्त पेंडीचा लॉट बदलला आणि आठवड्यात पिल्लांच्या पाठीची हाडं दिसायला लागली, हगवण वेगळीच.

पारोळ्याचे तात्या
लिहिलं मीच आणि अजूनही तेच म्हणेन. तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन दिलं होतं का? जंताचं औषध? आईखाली असतानाच थोडं थोडं खाद्य चाखायला ठेवलं होतं का? लोक एका दिवसात दूध तोडतात, ओल्या फरशीवर कोंडतात आणि मग पेंडवाल्याला शिव्या देतात. मी इतकी वर्षं मिळेल ती पेंड घालतोय.

शिरपूरकर
सगळं दिलं होतं. तुम्ही मोठी डुकरं विकत घेऊन वाढवता, तुमच्याकडे दूध तोडायची भानगडच नाही, मग तुम्हाला फरक दिसणार कुठून?

यावल केळीवाला
एवढ्या भांडणापेक्षा सरकी ढेप घाला ना भाऊ. खान्देशात कापूस, जिनिंग, ढेप सगळं दारात. आमच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या सरकी ढेपेवर दूध देतात, डुकराला काय वावडं? मध्य प्रदेशातून सोया डीओसी, म्हणजे हीच तेल काढलेली पेंड, आणायची आणि वर भाडं भरायचं.

धुळ्याची पशुवैद्य
केळीवाले दादा, कृपा करून हा सल्ला कोणाला देऊ नका. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. म्हशीच्या रुमेनमध्ये, म्हणजे पोटाच्या मोठ्या कप्प्यात, ते बऱ्यापैकी बांधलं जातं, डुकराला रुमेनच नाही. काही आठवडे पिल्लं ठीक दिसतात, मग धाप लागते, हृदय निकामी होतं आणि धडधाकट दिसणारं जनावर अचानक मरतं. वर सरकीत लायसिनही कमी. मी असं शवविच्छेदन केलंय, छातीत पाणी भरलेलं होतं.

यावल केळीवाला
ताई, आमच्या गावात एक जण घालतो, काही होत नाही त्याच्या डुकरांना.

धुळ्याची पशुवैद्य
किती घालतो, कोणत्या वयाला, कोणत्या मिलची? मोकळं गॉसिपॉल मिलप्रमाणे बदलतं. थोडी ढेप फेरस सल्फेट मिसळून मोठ्या डुकरांना देतात, कारण लोह गॉसिपॉलला बांधतं. पण ते मापून करायचं काम आहे, आणि पिल्लांना तर नाहीच.

साक्रीचा सोयावाला
पेंडीचं रडगाणं गाताय, सोयाबीनवाल्याचं कोण बोलणार? २०२४-२५ ला हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये, आम्ही मात्र त्याच्या खाली विकलं. २०२१ ला बाहेरून जीएम (जनुक बदललेल्या) सोयाची पेंड आणायला परवानगी दिली तेव्हा आमचा भाव पाडला, आता इथेनॉलवाल्यांची डीडीजीएस, म्हणजे धान्यातून इथेनॉल काढून उरलेला सुका चोथा, स्वस्तात येते म्हणून पेंडीला गिऱ्हाईक नाही. डुक्करवाल्यांना स्वस्त मिळतंय ना, मग कुरकुर कसली?

शिरपूरकर
दादा, तुमचा राग बरोबर आहे, पण स्वस्त आणि भेसळीची यात फरक आहे. क्विंटलला १ किलो युरिया टाकला की कागदावर प्रोटीन सव्वादोन-अडीच टक्क्यांनी वाढतं, आणि डुकराला युरिया कवडीचा उपयोगाचा नाही. तुमचं सोयाबीन चांगलं असून बदनाम होतं ते यामुळेच.

यावल केळीवाला
मग सरकीवालेच फक्त वाईट! आमच्या मालाला कायम खाली पाडायचं हे धोरणच आहे सगळ्यांचं. कापूस पिकवून चूक केली का आम्ही?

धुळ्याची पशुवैद्य
कोणी पाडत नाही दादा, म्हशीला घाला, मीच सांगते घाला. आणि तात्या, तुमचंही अर्धं खरं. पेंड उत्तम असली तरी दूध तोडल्या-तोडल्या भरपूर सोया दिलं तर त्यातल्याच काही प्रथिनांची पिल्लाच्या आतड्याला ॲलर्जी होते, आतली लव झडते, वर स्टॅकियोज, रॅफिनोजसारख्या शर्करांनी ढाळ लागतात. म्हणून सुरुवातीला सोया कमी, सोबत मासळीची भुकटी किंवा दूध पावडर, मग हळूहळू वाढवायचं. पण लॉटची तपासणी हवीच. युरिएज चाचणीत (कच्च्या सोयातलं हे विकर भाजल्यावर मरतं, ते किती उरलं ते यात कळतं) पीएच ०.०५ ते ०.२० चढला की ठीक. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये प्रोटीनची विद्राव्यता साधारण ७८ ते ८५ टक्के आली तर भाजणी बरोबर, ७० च्या खाली गेली तर पेंड जळालेली.

पारोळ्याचे तात्या
लॅबला कोण पाठवणार ताई, दहा पोती घेणारा माणूस?

धुळ्याची पशुवैद्य
युरिया आणि फिनॉल रेड (रंग बदलून दाखवणारं रसायन) यांचं द्रावण थोड्या पेंडीवर टाका. कच्ची असेल तर लाल ठिपके उठतात, पाच मिनिटांत कळतं. जळालेली मात्र यात कळत नाही, तिला रंग बघा, तपकिरी आणि करपट वास असेल तर पिल्लांच्या खाद्यात घालू नका.

पारोळ्याचे तात्या
बरं, हे द्रावण करून बघतो. पण खरं सांगस भो, शिरपूरकरचं शेड मी पाहिलंय, तिथं पाणी साचतंच. पुढचा लॉट आला की एक पोतं माझ्याकडे पाठव, माझ्या कोरड्या फरशीवर तीच पेंड घालून बघू.

शिरपूरकर
पाठवतो. पण पिल्लं दूध तोडलेलीच घ्यायची, ४० किलोची डुकरं नाही चालणार.