परदेशी गेम कंपन्यांना भारतात बंदी हवी का? ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे, मते हवीत

सत्तरीकरीण

येत्या रविवारी आमच्या ग्रामसभेत मी एक ठराव मांडणार आहे. मसुदा असा: "ज्या परदेशी कंपनीचे भारतात नोंदणीकृत कार्यालय नाही आणि तक्रार ऐकून घेणारा जबाबदार माणूस नाही, तिचा कोणताही ऑनलाइन गेम भारतात चालू देऊ नये, अशी मागणी राज्य सरकारने केंद्राकडे करावी." सभेत मांडण्याआधी इथे टाकते आहे, कारण विरोध आधी ऐकलेला बरा.

निमित्त घरातलेच आहे. माझा भाचा 20 वर्षांचा, म्हापशाला कॉलेजात. 2025 च्या चतुर्थीआधी दोन महिन्यांत त्याचे 86 हजार रुपये गेले. खेळ असा: पडद्यावर विमान वर चढत जाते, त्याबरोबर आकडा वाढतो, आणि ते उडून जायच्या आत आपले पैसे काढायचे. पहिल्या दिवशी 200 चे 500 झाले, मग पोर थांबते कुठे! साइट परदेशी. अगदी तळाला बारीक अक्षरात कुठल्याशा बेटावरचा पत्ता. पैसे मात्र साध्या यूपीआयवर भरायचे, आणि दर वेळी वेगळ्या नावावर. मी त्याच्या शेजारी बसून सगळे व्यवहार वहीत उतरवले: 41 व्यवहार, 23 नावे. एक नाव किराणा दुकानाचे, एक ब्यूटी पार्लरचे. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली. अशी खाती भाड्याने घेतलेली असतात आणि पैसे तासाभरात पुढे जातात, हे तेव्हा कळले. वहिनी माटोळी (गणपतीच्या वर बांधायची फळापानांची चौकट) बांधत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होते. विचारायची हिंमत कोणाला झाली नाही.

आता कायद्याचे बघा. 20 ऑगस्ट 2025 ला ऑनलाइन गेमिंगचे विधेयक लोकसभेत मंजूर झाले, 21 ला राज्यसभेत, 22 ला राष्ट्रपतींची मंजुरी. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षे आणि 50 लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे योग्यच. आपल्या मोठमोठ्या देशी कंपन्यांनी लागलीच पैशांचे खेळ बंद केले. पाचव्या दिवशी चतुर्थी होती. त्या रात्री मी भाच्याच्या फोनवर बघितले, ते विमान उडतच होते.

म्हणजे कायदा बसला तो ज्यांना इथे घर आहे त्यांच्यावर. चीनमध्ये परदेशी कंपनी स्वतःहून गेम चालवू शकत नाही, तिथली भागीदार कंपनी लागते आणि प्रत्येक गेमला सरकारी परवाना क्रमांक. 2021 पासून 18 वर्षांखालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी रात्री 8 ते 9 एवढाच वेळ. आपण का करू नये?

---

पर्वरीचा डेव्ह

ताई, तुमच्या भाच्याचे वाचून वाईट वाटले. तरीही ठरावाला माझा पूर्ण विरोध आहे.

"कोणताही ऑनलाइन गेम" हे तीन शब्द माझे पोट मारतात. मी आणि माझा एक मित्र, दोघे मिळून पर्वरीत एका खोलीत गेम बनवतो. जुगाराचा त्यात लवलेश नाही, कोड्यांचा गेम आहे. तो विकतो एका अमेरिकी दुकानात, स्टीमवर. 100 डॉलर भरून गेम चढवता येतो, विक्रीतला 30 टक्के वाटा ते घेतात, उरलेले आमचे. कधी जपानमधला कोणी विकत घेतो, कधी ब्राझीलमधला. ज्या सॉफ्टवेअरवर बनवतो ते परदेशी, मित्रांबरोबर खेळायची सोय देणारी सेवा परदेशी. ती सेवा देणारी कंपनी दहाबारा माणसांची आहे, ती भारतात कार्यालय काय उघडणार! ती सरळ भारत वगळेल. मोठ्या कंपन्या येतील, कार्यालय थाटतील, वकील नेमतील. मरतील ते छोटे, त्यांचे आणि आमचे.

चीनचे अर्धेच सांगितलेत. 2018 मध्ये तिथे परवाने देणे कित्येक महिने बंद होते, 2021 च्या जुलैपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत पुन्हा बंद. त्या काळात परदेश्यांइतकेच चिनी गेमवालेही अडकले. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या अमेरिकी कंपनीचे आणि चिनी भागीदाराचे फाटले, तेव्हा जानेवारी 2023 मध्ये अख्खा खेळ तिथे बंद पडला, तो उघडला 2024 च्या ऑगस्टमध्ये. ज्यांनी वर्षानुवर्षे त्यात वेळ घातला त्यांनी दीड वर्ष काय करायचे?

---

जेट्टीवरून

मी मांडवी नदीतल्या एका कॅसिनो बोटीवर टेबलावर पत्ते वाटतो, नऊ वर्षे झाली. म्हणून लिहितो.

आपल्याकडे कॅसिनो, जुगार, लॉटरी यांत परकीय थेट गुंतवणुकीला मुळातच मनाई आहे. ब्रँडचे नाव देऊन किंवा व्यवस्थापनाचा करार करूनही आत येता येत नाही. म्हणजे ताई ऑनलाइनसाठी मागतात त्याहून कडक नियम आमच्या धंद्याला आधीपासून लागू आहे. मग मांडवी स्वच्छ झाली का? 1976 चा गोव्याचा जुगार कायदा, त्यात 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या जुगाराच्या यंत्रांना वाट करून दिली, 1996 मध्ये जहाजांवर टेबले आली. हे सगळे आपल्याच विधानसभेत आणि आपल्याच माणसांसाठी झाले. समोर बसलेला माणूस शेवटची चिप सरकवतो तेव्हा मालकाचा पासपोर्ट कुठला हे त्याच्या मनातही येत नाही. गळ्यातली साखळी चाचपताना मी माणसे बघितली आहेत. जुगार जुगार असतो, देशी म्हणून गोड होत नाही.

आणि 1 फेब्रुवारी 2020 पासून गोंयकाराला, म्हणजे गोव्याच्या माणसाला, कॅसिनोत प्रवेश बंद आहे. ओळखपत्र बघून परत पाठवतात. माझ्या गावचा एक जण असाच परत गेला. जेट्टीच्या कठड्याला टेकून त्याने खिशातून फोन काढला आणि तिथेच तीन पत्ती खेळत बसला.

---

रस ऑम्लेट

मी 22 वर्षांचा, फोंडा. ज्यांना या बंद्यांचा खरा फटका बसला त्यांच्यापैकी एक.

2 सप्टेंबर 2020 ला पबजी मोबाइल गेला, एका फटक्यात 118 ॲप. कारण चीनचे. गेम बनवणारी कंपनी कोरियाची होती, पण भारतात तो चालवत होती चिनी कंपनी. कोरियावाल्यांनी कारभार स्वतःकडे घेतला, भारतासाठी वेगळा गेम काढला, बीजीएमआय, 2 जुलै 2021. आम्ही चौघांनी पुन्हा टीम बांधली. फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायर गेला, त्याची कंपनी सिंगापूरची. आणि 28 जुलै 2022 ला संध्याकाळी बीजीएमआय स्टोअरवरून नाहीसा झाला. आम्ही तेव्हा मित्राच्या गच्चीवर सरावाला बसलो होतो. पावसाने गच्चीवर ताडपत्री बांधली होती, चारही फोन चार्जिंगला एकाच बोर्डात. एकाने बातमी वाचून दाखवली, तरी आम्ही तासभर खेळतच राहिलो, उद्या सर्व्हर असेल की नाही माहीत नव्हते म्हणून. पुढचे दहा महिने टीमला काम नाही. दोघांनी खेळ सोडला तो कायमचा. मे 2023 मध्ये गेम परत आला तेव्हा आम्ही दोघेच उरलो होतो.

हा जुगार नव्हे. डिसेंबर 2022 मध्ये सरकारनेच ई-स्पोर्ट्स (व्हिडिओ गेमच्या स्पर्धा) क्रीडा मंत्रालयाकडे दिले, नवा कायदाही त्याला मान्यता देतो. आणि आमच्याकडे खेळले जाणारे बहुतेक सगळे मोठे गेम परदेशी आहेत. त्यांना हाकलून आम्ही काय खेळायचे?

---

सत्तरीकरीण

@रस ऑम्लेट, बाळा, तुझेच उदाहरण माझ्या बाजूचे आहे. त्या कोरियन कंपनीला भारताची बाजारपेठ हवी होती म्हणून तिने ऐकले. 18 वर्षांखालच्यांना दिवसाला 3 तास, सुरू करताना पालकांच्या मोबाइलवर ओटीपी, परत आल्यावर मोठ्यांनाही 6 तासांची मर्यादा. हे तिने आपखुशीने केले असते? सरकारने दार लावले म्हणून केले. मला दार कायमचे लावायचे नाही. ज्याला आत यायचे त्याने दारावर आपल्या नावाची पाटी लावावी.

@जेट्टीवरून, तुमचे म्हणणे मनाला लागले. त्याला उत्तर माझ्याजवळ नाही. एवढेच म्हणेन की मांडवीतल्या बोटीसमोर निदान मोर्चा नेता येतो. लोकांनी नेलेही. त्या विमानाच्या साइटसमोर मी कुठे उभी राहू?

---

कलम शोधणारा

ताईंच्या तळमळीशी सहमत, मसुद्याशी नाही. दोन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात आल्या आहेत.

पैशांचा खेळ: तो आता कंपनी देशी आहे की परदेशी हे न बघता बंद आहे. भारताबाहेरून चालवली पण इथे दिली जाणारी सेवाही कायद्याच्या कक्षेत येते. त्यामुळे "कार्यालय नसेल तर बंद करा" अशी मागणी केली तर अर्थ उलटा होतो: कार्यालय उघडले तर चालेल! त्या विमानवाल्याने पणजीत गाळा घेतला तर तुम्हाला चालणार आहे का?

बाकीचे गेम: तिथे तक्रार अधिकारी, वयाची खात्री, खर्चाची मर्यादा मागता येते. पण ती सर्वांकडून मागावी. गेम इथलाच असला म्हणून त्याला पालकांची परवानगी नको, असे थोडेच आहे!

आता अंमलबजावणी. ऑक्टोबर 2023 पासून परदेशी पैशांच्या गेमवाल्यांना इथे जीएसटीची नोंदणी सक्तीची झाली होती, पूर्ण रकमेवर 28 टक्के. देशी कंपन्या त्या कराविरुद्ध कोर्टात भांडत राहिल्या. परदेशी बहुतेकांनी नोंदणीच केली नाही. मार्च 2025 मध्ये अर्थ मंत्रालयाने सांगितले की जीएसटी गुप्तचर विभागाने अशा 357 साइट बंद करवल्या आणि सुमारे 700 परदेशी कंपन्या तपासाखाली आहेत. साइट बंद झाली की एक अक्षर बदलून दुसरी उघडते, लिंक टेलिग्रामवर येते. साइट फुकटात बदलता येते. खाते बदलायला मात्र माणूस लागतो, आधार लागते, सिमकार्ड लागते. ताई, तुमच्या वहीतली 23 नावे हाच खरा धागा आहे. पैशांच्या गेमला व्यवहाराची सोय करून देणाऱ्यालाही नव्या कायद्यात 3 वर्षे आणि 1 कोटीपर्यंतची तरतूद आहे. ते कलम राबवा, अशी मागणी करा.

---

बाणस्तारीचा बाजार

कलमवाल्यांना +1. आमच्या वाड्यावर दोन पोरांनी बँकेचे खाते आणि एटीएम कार्ड महिना 5 हजारांवर दिले होते. "नुसते वापरायला" म्हणून. एकाचे खाते गोठले तेव्हा त्याच्या बापाला पहिल्यांदा कळले की पोराच्या नावावर लाखांची उलाढाल झाली. पोर आयटीआयचा, नोकरी नाही. परदेशी कंपनी म्हणतो आपण, पण तिचे हात आपल्या वाड्यावरचेच असतात.

जत्रेतला जुगाराचा पट आपण सगळ्यांनी बघितलाय. तिथे हरणाऱ्याला निदान कोणीतरी दंडाला धरून "आता घरी चल रे" म्हणतो. फोनवर खेळणाऱ्याला कोण म्हणणार?

---

पर्वरीचा डेव्ह

एक प्रश्न ताईंना, रागावू नका. हेच 86 हजार एखाद्या देशी ॲपवर, क्रिकेटपटूची जाहिरात बघून गेले असते तर? माझ्या सख्ख्या भावाचे तसेच गेले, रकमेचा आकडा लिहीत नाही. कंपनी पूर्ण भारतीय होती, कार्यालय होते, तक्रार अधिकारीही होता. त्याने उत्तर दिले, अत्यंत नम्र उत्तर: आपण अटी मान्य केल्या होत्या. पाटी असलेल्या दारावर आम्ही थाप मारून बघितली आहे.

---

सत्तरीकरीण

यावर दोन दिवस काही लिहिले नाही. भाच्यालाही वाचायला दिले. तो म्हणाला, "आत्या, कंपनी कुठली ते मी कधी बघितलेच नाही. पैसे कोणाला जातात तेही नाही. फक्त परत किती येतील ते बघायचो."

मसुदा बदलला आहे:

"1. पैशांच्या ऑनलाइन खेळांसाठी बँक खाती भाड्याने देणे-घेणे हा गुन्हा आहे याची माहिती पंचायतीने प्रत्येक वाड्यावर द्यावी, आणि अशा खात्यांवर नव्या कायद्याखाली कारवाई व्हावी म्हणून राज्य सरकारने पाठपुरावा करावा.

2. अल्पवयीन मुले खेळतात असे गेम देणाऱ्या प्रत्येक कंपनीने, देशी वा परदेशी, पालकांची संमती आणि वेळेची मर्यादा ठेवावी.

3. यात ज्या मोठ्या परदेशी कंपन्या भारतीय खेळाडूंकडून पैसे घेतात, त्यांनी भारतात उत्तर देणारा माणूस नेमावा."

तिसरे कलम मी सोडणार नाही. देशी कंपनीने डेव्हच्या भावाला निदान "नाही" तरी म्हटले. माझ्या वहिनीच्या सहा ईमेलना कोणीच काही म्हटले नाही.

---

पर्वरीचा डेव्ह

पहिल्या दोन्हींना पाठिंबा. तिसऱ्यात "मोठ्या" म्हणजे किती मोठ्या, ते आकड्यात लिहा, नाहीतर उद्या कुणीतरी ते आमच्यावर लावेल. तोवर तिसऱ्याला विरोध.

---

जेट्टीवरून

रविवारी माझी रात्रपाळी आहे, सकाळ मोकळी आहे. मी त्याच पंचायतीतला मतदार. पहिल्या कलमावर बोलायला उभा राहतो.