लुई फर्डिनांड यांना ‘माजी राजपुत्र’ म्हणायचं का?

मांडवीकर
बडोद्यातल्या एका वाचनालयात पदच्युत राजघराण्यांवर फलक लागणार आहेत. त्यासाठी प्रशियाच्या, म्हणजे जर्मनीच्या शेवटच्या सम्राटाच्या होहेनझोलर्न घराण्यातल्या, लुई फर्डिनांड (१९०७–१९९४) यांचा परिचय लिहितोय. दोन ठिकाणी अडलंय. १९१८ मध्ये राजेशाही गेल्यानंतर त्यांना ‘राजपुत्र’ लिहायचं की ‘माजी राजपुत्र’? आणि दुसरे चिरंजीव असून घराण्याचं प्रमुखपद त्यांच्याकडे कसं आलं?

रावपुरा
दोन्ही नको. जर्मनीच्या १९१९ च्या वायमार राज्यघटनेच्या कलम १०९ ने सरदारकीच्या पदव्या यापुढे फक्त नावाचा भाग राहतील असं ठरवलं. म्हणजे पदवीचं आडनाव झालं. आधी ‘प्रिन्त्स लुई फर्डिनांड फॉन प्रॉयसन’ (प्रशियाचे राजपुत्र लुई फर्डिनांड), नंतर ‘लुई फर्डिनांड प्रिन्त्स फॉन प्रॉयसन’. ‘प्रिन्त्स’ नावाच्या पुढून मागे गेलं, फरक तेवढाच, पण कायद्याच्या दृष्टीने तोच सगळा. आडनावाचं भाषांतर करत नाहीत, तसंच ‘माजी आडनाव’ही नसतं. घरातल्या मुलीच्या नावात तिथे ‘प्रिन्त्सेसिन’ येतं. ऑस्ट्रियाचा नियम इथे लावू नका, त्यांनी १९१९ मध्ये ‘फॉन’सुद्धा काढून टाकलं.

शेजारी गायकवाडांचा फलक असेल तर हा फरक जरूर दाखवा. आपल्याकडे १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे गेले, पण ‘गायकवाड’ हे आडनाव मुळातच होतं, ते राहिलं. तिकडे पदवीच आडनाव होऊन बसली.

सुरसागर काठ
मांडवीकर, माहितीची सरमिसळ होते ती नावांमुळे. आजोबा कैसर (सम्राट) विल्हेल्म दुसरे, वडील युवराज विल्हेल्म आणि थोरला भाऊही विल्हेल्म. प्रत्येक वाक्यात नातं लिहा, नुसतं ‘विल्हेल्म’ नको.

थोरल्या भावाने १९३३ मध्ये डोरोथेआ फॉन साल्व्हियाटी यांच्याशी लग्न केलं. घराण्याच्या नियमात हा संबंध बरोबरीचा, म्हणजे राजघराण्यातल्या मुलीशी, नव्हता, म्हणून त्याला वारसाहक्क सोडावा लागला आणि तो लुई फर्डिनांड यांच्याकडे आला. थोरल्या भावाचा युद्धातला मृत्यू मे १९४० चा, म्हणजे सात वर्षांनंतरचा. ‘भाऊ गेला म्हणून हे वारस झाले’ हे वाक्य बऱ्याच ठिकाणी सापडेल, ते घेऊ नका. मृत्यूचं महत्त्व वेगळं आहे. पॉट्सडॅमच्या अंत्ययात्रेला सुमारे ५०,००० लोक आले. राजघराण्याबद्दलची ही आपुलकी पाहून हिटलर अस्वस्थ झाला, आणि राजघराण्यांतल्या तरुणांना आघाडीवरून काढण्याचा हुकूम निघाला.

तरी प्रमुखपद १९३३ चं लिहू नका. ते वडिलांच्या निधनानंतर, १९५१ मध्ये आलं.

मांडवीकर
हे फार उपयोगी पडलं, दोघांचेही आभार. सुरुवात जन्मतारखेने करावी का?

रावपुरा
जरूर. जन्म ९ नोव्हेंबर १९०७, पॉट्सडॅम. कैसरच्या पदत्यागाची घोषणा झाली ती ९ नोव्हेंबर १९१८ ला, म्हणजे त्यांच्या अकराव्या वाढदिवशी. दोन्ही तारखा पूर्ण छापा, नुसती सालं दिली तर हे कुणाच्याच लक्षात येणार नाही. डेट्रॉइटला फोर्डच्या कारखान्यातलं काम आणि नंतर लुफ्तहान्झामधली नोकरी एका ओळीत बसेल. १९३८ मध्ये रशियाच्या रोमानॉव्ह घराण्यातल्या किरा यांच्याशी विवाह, सात मुलं.

सुरसागर काठ
शेवटी वारस लिहिताना ‘मुलगा’ लिहू नका. थोरल्या दोन मुलांनी लग्नासाठी हक्क सोडले. तिसरा मुलगा १९७७ मध्ये लष्करी सरावातल्या अपघातामुळे गेला. म्हणून १९९४ मध्ये प्रमुखपद आलं ते त्या तिसऱ्या मुलाच्या मुलाकडे, गेओर्ग फ्रीडरिश यांच्याकडे, वय १८. डावललेल्या काकांची बाजू न्यायालयात गेली आणि २००४ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने बरोबरीच्या लग्नाची अट पुन्हा तपासायला लावली. पण घराण्याच्या प्रमुखपदी पुतण्याच राहिला.

फोटोसाठी हेशिंगनजवळचा होहेनझोलर्न किल्ला घ्या. तो अजून घराण्याच्याच मालकीचा आहे आणि लुई फर्डिनांड यांचं दफनही तिथेच झालं. पॉट्सडॅमच्या सेसिलिएनहोफ राजवाड्याचा फोटो लावलात तर लोकांना तिथे झालेली १९४५ ची दोस्त राष्ट्रांची परिषद आठवेल, हे कुटुंब नाही.