मदत हवी आहे: १९९८ मध्ये छातीला शेक (रेडिएशन) घेतला होता, आता कोणत्या तपासण्या करून घेऊ?

वारणाकाठ:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी ४४ वर्षांची, सांगलीजवळच्या गावात राहते. दहावीची परीक्षा झाली त्या सुट्टीत मानेला गाठ आली. आधी टीबी समजून दोन महिने गोळ्या खाल्ल्या, मग तुकडा काढून तपासला तर हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, निघाला. मुंबईला नेलं. सहा केमो झाले आणि १९९८ च्या जानेवारीत शेक सुरू झाला. आत्याकडे राहून आईबरोबर रोज बसने जायचे. गळ्यापासून छातीपर्यंत जांभळ्या शाईच्या रेघा होत्या, त्या पुसू नयेत म्हणून महिनाभर धड अंघोळ नाही. एवढंच काय ते आठवतं. पाच वर्षं तपासणीला जात होते, मग "आता यायची गरज नाही" म्हणाले. आम्ही पेढे वाटले आणि तो विषय घरात बंद झाला. लग्न झालं, दोन मुलं झाली. २००९ पासून थायरॉईडची गोळी चालू आहे, पण तिचा आणि शेकाचा काही संबंध असेल असं मला कधी कुणी म्हटलं नव्हतं.

आता विषय असा की, शेकाच्या रांगेत माझ्या शेजारी बसणारी एक मुलगी होती. माझ्याच वयाची, आजारही तोच. आमची मैत्री टिकली. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, छातीत गाठ निघाली आहे, कॅन्सरचीच. तिच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की लहानपणी छातीला रेडिएशन झालं होतं का? फोन ठेवल्यावर मी किती वेळ ओट्याशी उभी होते कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी इथल्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, घरात कुणाला आहे का? नाही ना? मग पन्नाशीनंतर बघू, आत्ता मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) करून उगाच किरणं कशाला घेता. नवऱ्याचं म्हणणं, नेटवर वाचत बसू नकोस. सासूबाई मात्र म्हणाल्या, जा, बघून ये, पैशाचं बघू.

जुना कार्ड आईच्या ट्रंकेत सापडला. त्यावर लिहिलंय: सीओपीपी/एबीव्हीडी, सहा सायकल. आरटी मँटल फील्ड, ४० ग्रे, २० फ्रॅक्शन. याचा अर्थ कुणी सांगेल का? तपासण्या नेमक्या कोणत्या? मॅमोग्रामच्या किरणांनीच काही झालं तर? आणि माझी मुलगी १३ वर्षांची आहे, तिला यातलं काही जाईल का?

पुनर्नवा:

ताई, आधी मोठा श्वास घ्या. २७ वर्षांपूर्वी तुम्ही त्यातून बाहेर आलात ही काही छोटी गोष्ट नाही. इथे एक-दोन डॉक्टर आहेत, त्यांना धागा दाखवते.

सुखशांती:

रोज पहाटे हळद आणि गोमूत्र. माझ्या मामेभावाला गुण आला. तपासण्यांच्या मागे लागलात की आजार मागे लागतो.

खडूफळा:

वरच्या प्रतिसादाकडे दुर्लक्ष करा. मी रेडिएशन ऑन्कॉलॉजीत आहे. इथे बसून तुम्हाला तपासू शकत नाही, पण कार्डावरचं वाचता येतं.

सीओपीपी आणि एबीव्हीडी ही केमोच्या औषधांची नावं, ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप, फ्रॅक्शन म्हणजे शेकाची एकेक खेप. मँटल फील्ड म्हणजे अंगावर शाल घ्यावी तसा भाग: मान, दोन्ही काखा, छातीचा मधला पट्टा. फुप्फुसांपुढे शिशाचे ठोकळे ठेवत, तरी स्तनांचा काही भाग, थायरॉईड आणि हृदय किरणांत यायचंच. १९६०च्या दशकात स्टॅनफर्डला हेन्री कॅप्लन यांनी ही पद्धत बसवली आणि जो आजार जवळजवळ जीवघेणाच समजला जायचा तो बरा होऊ लागला. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी त्या काळाप्रमाणे योग्यच केलं. किंमत किती मोजावी लागते हे कळायला मात्र पुढची वीस-तीस वर्षं गेली, कारण किरणांमुळे होणारा दुसरा कॅन्सर साधारण दहा वर्षांनंतर डोकं वर काढतो आणि तो धोका पुढे दशकानुदशकं राहतो. "पाच वर्षं झाली, सुटलो" हे पहिल्या आजाराबद्दल बरोबर आहे, दुसऱ्याबद्दल नाही.

आकडे सांगतो, पण घाबरू नका. नेदरलँड्समधल्या ३,९०५ रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये आला. सगळे १९६५ ते २००० मध्ये हॉजकिनचे उपचार घेतलेले. इतरांच्या मानाने त्यांच्यात दुसऱ्या कॅन्सरचं प्रमाण ४.६ पट होतं. मुलींचं म्हणाल तर अमेरिकेतल्या अभ्यासात, लहानपणी हॉजकिनसाठी छातीला किरणं घेतलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के जणींना पन्नाशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर झाला. हे जवळपास बीआरसीए१ जनुकातला, स्तनाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढवणारा दोष घेऊन जन्मलेल्या बाईइतकं. अमेरिकेत हा आजार मुळातच आपल्यापेक्षा जास्त आहे, म्हणून तो आकडा जसाच्या तसा स्वतःला लावू नका. पण "घरात कुणाला आहे का" हा प्रश्न तुमच्या बाबतीत गैरलागू आहे, एवढं त्यातून नक्की कळतं. तुमचा धोका घराण्यातून आलेला नाही, त्या चार आठवड्यांतून आलेला आहे.

म्हणून तुमच्यासारख्यांना वयाच्या पंचविशीपासून किंवा शेकानंतर आठ वर्षांनी, यातलं जे उशिरा येईल तेव्हापासून, दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राम सांगतात. दोन्ही, कारण एकात निसटलेलं दुसऱ्यात सापडतं. तुम्हाला उशीर झालाय, पण आजपासून सुरू करता येईल. किरणांची भीती म्हणाल तर मॅमोग्रामचा डोस मिलिग्रेमध्ये, म्हणजे ग्रेच्या हजाराव्या भागात मोजतात. तुम्ही ४० ग्रे घेतलेत. एमआरआयमध्ये तर ही किरणं नसतातच.

बाकीचं थोडक्यात. थायरॉईड हाताने तपासून घ्या, गाठ लागली तर सोनोग्राफी. शेकाच्या भागातल्या कातडीवर न भरणारी जखम दिसली तर दाखवा. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर बाहेर पाठवा. शेक घेतलेल्या फुप्फुसाला तंबाखूचा धूर भलताच महाग पडतो. केमोमुळे होणारा रक्ताचा कॅन्सर बहुतेक पहिल्या दहा वर्षांत दिसतो, तो काळ तुम्ही ओलांडलात. आणि हृदय! याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत. छातीचा शेक आणि एबीव्हीडीमधलं अॅड्रियामायसिन, दोन्ही हृदयाला लागतात. इको (हृदयाची सोनोग्राफी), बीपी, कोलेस्टेरॉल करून घ्याच. जिना चढताना दम लागला तर "वय झालं" म्हणू नका.

मुलीची चिंता सोडा. शेकाचा परिणाम तुमच्या अंगावर आहे, तो मुलांत उतरत नाही.

लीड्सकर:

माझ्या बायकोचीही हीच गोष्ट, फक्त तिला शेक इंग्लंडमध्ये मिळाला. २००३ मध्ये इथल्या आरोग्य खात्याने जुनी रेकॉर्डं उपसून अशा बायकांना शोधून पत्रं पाठवली होती. आता ३६ वर्षांच्या आत छातीला शेक घेतलेल्या बायका 'फार जास्त धोका' या यादीत धरतात, तिला दर वर्षी एमआरआयला बोलावतात. आपल्याकडे पत्र येणार नाही, आपणच फाईल घेऊन जायचं. कार्ड लॅमिनेट करू नका, पण चार झेरॉक्स काढा आणि फोनमध्ये फोटो ठेवा.

अबोली_४:

टाटा मेमोरियलमध्ये लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्यांसाठी वेगळं क्लिनिक आहे, एसीटी म्हणतात, १९९१ पासून. इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' नावाचा गटही आहे, त्यात सगळे असेच बरे झालेले. माझा भाऊ जातो. तिथे कुणाला पहिल्यापासून समजवावं लागत नाही, हेच मोठं सुख.

@खडूफळा, आताच्या मुलांनाही हे सगळं होणार का? भाचा सध्या उपचार घेतोय.

खडूफळा:

धोका शून्य नाही, पण आता मँटल कुणी देत नाही. गाठ होती तेवढ्याच जागेला, बहुधा २० ते ३० ग्रे. छाती फुगवून श्वास धरायला लावतात, म्हणजे हृदय किरणांपासून लांब सरकतं. केमोनेच आजार पुरता गेला असेल तर काही मुलांना शेक देतच नाहीत. भाच्याच्या डॉक्टरांना विचारा, पण त्यांनी दिलेला शेक या धाग्यामुळे नाकारू नका. हॉजकिन उलटला तर आजचा धोका उद्याच्या धोक्यापेक्षा मोठा असतो.

वारणाकाठ:

सगळ्यांचे आभार. खडूफळा सर, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून त्याच डॉक्टरांकडे नेला. भीत भीतच. त्यांनी पूर्ण वाचला, कार्ड पाहिला आणि म्हणाले, मला हे माहीत नव्हतं. चिठ्ठी लगेच दिली. मनातला राग तिथेच गेला.

मॅमोग्राम झाला, त्यात काही नाही. इकोत एक झडप किंचित गळते आहे, दर वर्षी बघायचं. एमआरआयसाठी पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसात या म्हणाले, तोवर थांबले आहे. विड्या सासरे ओढतात, त्यांना सासूबाईंनी गोठ्यात धाडलंय.

मैत्रिणीचं ऑपरेशन सोमवारी आहे. गाठ लहान आहे, पण नुसती गाठ काढली की नंतर शेक द्यावा लागतो आणि त्या जागेला तो एकदा देऊन झालाय, म्हणून पूर्ण स्तन काढणार आहेत. मी जाते आहे सोबत. या वेळी रांगेत तिच्याबरोबर मी बसेन.

आता एकच विचारायचंय. मिरज-सांगली-कोल्हापूर भागात एमआरआय मशीन पुष्कळ आहेत, पण स्तनांसाठीची वेगळी कॉइल (तपासताना त्या भागाशी लावतात तो मशीनचा भाग) असलेलं कुठलं? दोन ठिकाणी फोन केला, दोन्हीकडे म्हणाले "मॅडम, गुडघ्याचा करायचाय का?"