मदत हवी आहे: आजोबांच्या वारसा नोंदीची नक्कल नेमकी कुठल्या ऑफिसात मागायची?

नमस्कार मंडळी. मी बेळगावात असतो, उद्यमबागेत कामाला. गाव जिल्ह्यातलंच आहे, पण तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांच्याच टेबलापुढं सोमवारी परत उभं राहायचं आहे.

आजोबा १९७१ साली वारले. ३ एकर १२ गुंठे जिरायत त्यांच्या नावावर होती. मुलगे तिघे: थोरले काका, आमचे वडील आणि धाकटे काका. आता भूमीवर (कर्नाटक सरकारची जमीन नोंदींची कॉम्प्युटर व्यवस्था) पहाणी, म्हणजे इकडचा सातबारा, काढली तर थोरल्या काकांच्या मुलांचीच नावं येतात. वडील नेहमी म्हणायचे, "तलाठ्याकडं वर्दी तिघांच्या नावानं दिलती." वर्दी म्हणजे वारसांची खबर. वडीलही आता नाहीत. चुलतभावांशी भांडण काढायचं नाही, आजही जेवायला एका पंगतीला बसतो. पण त्या वेळी डायरीला (फेरफार रजिस्टरला) काय नोंद पडली आणि दोन नावं कधी, कशावरून गेली, एवढं डोळ्यांनी बघायचं आहे.

आत्तापर्यंत तीन सुट्ट्या गेल्या. पहिल्यांदा नाड कचेरीत गेलो, म्हणजे होबळीच्या (तालुक्याखालच्या गावांच्या गटाच्या) महसूल ऑफिसात. कॉम्प्युटरवरच्या मुलीनं सर्व्हे नंबर घालून बघितला, म्हणाली २००० च्या आधीचं इथं दिसत नाही, तहसीलदार ऑफिसला जावा. तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये लाल फडक्यात बांधलेली दप्तरं, प्रत्येक गाठीत गावाच्या नावाची पुठ्ठ्याची चिठ्ठी खोचलेली. आमच्या गावाचं दप्तर सोडलं, तर पहिलंच पान १९९० नंतरचं. "याच्या आधीचं?" "नाही." "मग कुठं असेल?" "सर्व्हेला विचारा." सर्व्हेवाले म्हणाले, आमच्याकडं नकाशा आणि फोडी (जमिनीचे पाडलेले तुकडे), नावाचं आम्हाला काय विचारता. तिथून परत पहिल्या टेबलावर. तिथले साहेब जेवायला गेलेले, ते त्या दिवशी परत आलेच नाहीत.

शेवटी कोल्हापूरच्या मेव्हण्यानं माहिती अधिकाराचा अर्ज लिहून दिला. मराठीत दोन पानं, वर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. पंधरा दिवसांनी कन्नडमध्ये पत्र आलं. कारखान्यातल्या दोस्तानं वाचून सांगितलं: फी बरोबर भरलेली नाही, एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला अर्ज करा.

तर अर्ज कुणाच्या नावे, कुठल्या भाषेत आणि कुठल्या ऑफिसला करायचा, तेवढं कुणीतरी नीट सांगा की.

घटप्रभाकाठ:
मेव्हण्यानं महाराष्ट्राचा नियम इकडं लावला, तिथंच घोळ झाला. कोर्ट फी स्टॅम्प तिकडं चालतं. कर्नाटकात १० रुपयांची पोस्टल ऑर्डर काढा नाहीतर रोख भरा आणि पावती घ्या. पावती दिल्याशिवाय हलू नका. १५० शब्दांचा आणि एका विषयाचा नियमही कर्नाटकात आहे, २००८ पासूनचा, त्यामुळं पत्र पाठवणारा चुकलेला नाही.

माणसाचं नाव शोधत बसू नका. 'सार्वजनिक माहिती अधिकारी, तहसीलदार कार्यालय' एवढं लिहिलं की पुरतं. बदल्या इतक्या होतात की वेबसाइटवरचं नाव आणि खुर्चीतला माणूस जुळला तर नशीब समजा. फोन नंबर हवे असतील तर जिल्ह्याच्या सरकारी वेबसाइटवर मिळतात, पण मोबाइलपेक्षा ऑफिसचा लँडलाइन लावा, कुणीतरी उचलतं. आणि ऑनलाइन करायचं मनात आलं तर दिल्लीच्या पोर्टलवर टाकू नका. ते केंद्राच्या खात्यांचं आहे, आपला तहसीलदार त्यात येत नाही. मी एकदा तसे १० रुपये घालवलेत.

सीमाभागी:
अर्ज मराठीतूनच द्या. कन्नडमध्ये का म्हणून? आपल्या भागात आपली भाषा चालली पाहिजे.

घटप्रभाकाठ:
भावना कळते हो. पण कायद्याच्या कलम ६ मध्ये इंग्रजी, हिंदी नाहीतर त्या भागाची राजभाषा असं स्पष्ट लिहिलंय. मराठी अर्जाला नकार द्यायला त्यांना तेवढं कारण पुरतं. तक्रारीचं निवेदन मराठीत देता येतं, घटनेच्या ३५० व्या कलमात ते आहे. पण यांना निवेदन द्यायचं नाही, कागद काढायचा आहे. भाषेसाठी मोर्चा निघाला तर मीही येईन, पण कागद काढायला गेल्यावर कागद घेऊनच परत यायचं.

सीमाभागी:
ठीक. मग हिंदीत द्या. देवनागरी तरी राहील.

निवृत्त कारकून:
बाळ, तुम्ही एक गोष्ट लिहिली नाही, आणि सगळं तिथंच अडकलंय. तुमचा तालुका जुना की नवा? निपाणी आधी चिकोडीत होता, कागवाड अथणीत, मुडलगी गोकाकमध्ये, कित्तूर बैलहोंगलमध्ये, यरगट्टी सौंदत्तीत. तालुका फुटला की नव्या ऑफिसला बोर्ड लागतो, खुर्च्या येतात, चालू कागद येतात. जुनं दप्तर मात्र पुष्कळदा मूळ तालुक्याच्याच रेकॉर्ड रूमला राहतं. तुमच्या गावाचं पहिलं पान १९९० नंतरचं आहे म्हणता. माझ्या मते पानं हरवलेली नाहीत, ती दुसऱ्या गावी आहेत.

दुसरं, जायच्या आधी पहाणी नीट वाचा. ९ नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव, १० मध्ये ते कशावरून आलं ते. तिथं एम. आर. किंवा एम. ई. नंबर, म्हणजे फेरफाराचा नंबर, असतो. तो नंबर हातात असला की शोधणाऱ्याचे दोन तास वाचतात, आणि त्याचा मूडही बरा राहतो. जुन्या डायरीत आडनाव बहुतेक नसायचं, नाव आणि बापाचं नाव एवढंच. सगळे पाटील, सगळे देसाई, आडनाव लिहून काय उपयोग? तेव्हा आडनावानं शोधू नका.

तिसरं माझ्या अंदाजाचं. त्या काळात थोरल्याचं एकट्याचं नाव लावून पुढं 'ए. कु. मॅ.' लिहायची पद्धत होती, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. वर्दी तिघांची, नाव एकाचं, आणि कुणालाच त्यात वावगं वाटायचं नाही. पुढं नक्कल करताना ती तीन अक्षरं गळाली की मॅनेजरचा मालक होतो. असे उतारे मी पुष्कळ बघितलेत. जमीन कुळाची असेल तर गोष्ट वेगळी. मग १९७४ नंतरचा फॉर्म ७ (कुळाचा मालकीसाठीचा अर्ज) आणि लँड ट्रिब्युनलचा निकाल शोधावा लागेल.

धागाकर्ता:
काका, पाया पडतो. आमचा तालुका तुम्ही मोजलेल्या नव्यांपैकीच एक आहे. जमीन कुळाची नाही, वडिलोपार्जित. तीन सुट्ट्या चुकीच्या गावात घालवल्या म्हणायच्या! अर्जात काय लिहू? मेव्हण्याच्या अर्जात पहिलं दीड पान आजोबांच्या आजारपणाचंच आहे.

घटप्रभाकाठ:
आजारपण काढून टाका. "नाव का काढलं", "जबाबदार कोण" हेही नको. 'का' विचारलं की "ही माहिती होत नाही" असं उत्तर येतं. कागद मागा. मी असं लिहीन:

"गाव अमुक, होबळी अमुक, सर्व्हे नंबर अमुक. १९७१ ते १९८५ या काळात या सर्व्हे नंबरावर झालेल्या सर्व फेरफार नोंदींच्या आणि त्यांसोबतच्या वर्दी व जबाबांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात. तसेच या गावाचे त्या काळातील फेरफार रजिस्टर मला प्रत्यक्ष पाहू द्यावे."

झालं. पन्नास शब्दही होत नाहीत. हेच कन्नडमध्ये करून घ्या, कोर्टाबाहेरचा टायपिस्ट देईल करून. रजिस्टर बघायचं वाक्य मात्र गाळू नका. 'सापडत नाही' लिहायला पेन लागतो, रजिस्टर पुढं ठेवलं की तुम्हीच पानं उलटता. प्रतीला पानाला २ रुपये. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर तो नकारच धरायचा आणि वरच्या अधिकाऱ्याकडं ३० दिवसांच्या आत पहिलं अपील. त्यानंही नाही भागलं तर ९० दिवसांत कर्नाटक माहिती आयोग.

आणि हो, ऑफिस चुकलं तरी घाबरू नका. अर्ज पाच दिवसांत योग्य ऑफिसला पाठवणं त्यांच्यावर आहे, कलम ६ चं पोटकलम ३. तुमच्या पहिल्या ऑफिसनं ते केलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

निवृत्त कारकून:
माहिती अधिकाराची तलवार पहिल्याच दिवशी उपसू नका, असं मी सांगेन. मूळ तालुक्याला जाऊन आधी साध्या अर्जावर नक्कल मागून बघा. हल्ली सरकारच्या भू सुरक्षा योजनेत जुनी दप्तरं स्कॅन होतायत, तुमच्या गावाचं झालं असेल तर प्रिंटच मिळेल. माहिती अधिकाराचं नाव काढलं की कारकून कायद्याचं पुस्तक काढतो. मी पण काढत होतो.

घटप्रभाकाठ:
काका, तुमच्यासारखा कारकून प्रत्येक टेबलावर असता तर ऐकलं असतं. मी म्हणतो दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या, आणि दोन्हींच्या पोचेवर शिक्का घ्या.

धागाकर्ता:
मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. मूळ तालुक्याला जाऊन आलो. काकांचं ऐकून आधी साधा अर्ज दिला, माहिती अधिकाराचा खिशात ठेवला. रेकॉर्ड रूमला एक वयस्क शिपाईमामा होते. गावाचं नाव ऐकताच "अरे, ते वरच्या फळीला" म्हणून स्टुलावर चढले. सर्व्हे नंबरावरून डायरी सापडायला वीस मिनिटं लागली. निळ्या शाईत, मराठीतच लिहिलेली आहे. थोरल्या काकांचं नाव, पुढं 'ए. कु. मॅ.', आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात वडील आणि धाकटे काका, दोघांची नावं. खाली तिघांच्या सह्या. वडिलांची सही मी लगेच ओळखली, शेवटच्या अक्षराचा काना लांब ओढायचे, माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर तशीच आहे.

नक्कल तीन पानांची निघाली, शिक्का मारून घेतली. चुलतभावाला फोन केला. तो म्हणाला, "मला काय माहीत ओ, मी तेव्हा जन्मलोसुद्धा नव्हतो. घेऊन ये, बघू." येत्या रविवारी गावी जातोय.

काका, आता एकच सांगा. सगळे भाऊ राजी असतील तर नाव दुरुस्तीचा अर्ज नव्या तालुक्याला द्यायचा ना? की त्यासाठी परत जुन्यालाच जायचं?

निवृत्त कारकून:
नव्यालाच. पहाणी आता त्यांच्याकडं आहे. नकलेची झेरॉक्स द्या, मूळ हातातून सोडू नका. आणि रविवारी जेवून घ्या आधी, कागद नंतर काढा.