राउटर बाळाच्या पाळण्याजवळ आहे, हलवायला हवा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमचं बाळ सात महिन्यांचं आहे आणि वायफायचा राउटर नेमका पाळण्याच्या वरच्या फळीवर, जेमतेम तीन फुटांवर. रात्री दूध पाजायला उठले की अंधारात त्याचे हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात आणि जीव खालीवर होतो. सासूबाई म्हणतात रात्री बंदच करत जा, नवरा म्हणतो काही होत नाही गं, आणि मला दोघांचंही पटतं.

थोडं वाचलंय मी. या लहरी २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या, एक्स-रेसारख्या डीएनए तोडणाऱ्या नाहीत, राउटरची ताकद साधारण ०.१ वॉट, आणि अंतर दुप्पट केलं की तीव्रता पाव होते, इथपर्यंत ठीक. पण २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने रेडिओ लहरी २बी म्हणजे 'कदाचित कॅन्सरकारक' गटात टाकल्या हे वाचलं तेव्हापासून झोपच उडालीये, मोबाईल कानाला लावून बोलण्यावरच्या अभ्यासांचा त्यात मोठा वाटा होता हे कळूनही.

तर कोणी डॉक्टर किंवा या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सांगा, राउटर हॉलमध्ये नेला तर पुरे की रात्री बंदही करायचा? आणि बाळाच्या उशाशी चार्जिंगला लावलेला मोबाईल राउटरपेक्षा जास्त काळजीचा का? एकीने रेडिएशन अडवणारे स्टिकर घ्यायला सांगितलंय, मला ती फसवणूक वाटते, कोणी वापरलेत का?