पार्करनला मंडळाच्या पाळ्या: संक्रांतीनंतरचा शनिवार

नमस्कार मंडळी,

संक्रांतीनंतर येणाऱ्या शनिवारी आपल्या बागेतल्या पार्करनला मंडळाकडून स्वयंसेवक द्यायचे ठरले आहे. तिथल्या टीमने आपल्यासाठी सात जागा ठेवल्या आहेत: तीन मार्शल (वाटेत उभं राहून दिशा दाखवणारे), दोन बारकोड स्कॅनर (धावून आलेल्यांचे बारकोड वाचणारे), एक टोकन देणारा (शेवटी क्रमांकाचं टोकन हातात देणारा) आणि एक टेल वॉकर (सगळ्यांच्या मागे चालणारा).

नव्या सभासदांसाठी थोडक्यात. पार्करन म्हणजे दर शनिवारी सकाळी 9 ला (स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडात साडेनऊला) 5 किलोमीटर. पळा, चाला, मध्ये थांबून फोटो काढा, पैसे नाहीत. 2 ऑक्टोबर 2004 ला लंडनच्या बुशी पार्कात हे सुरू झालं तेव्हा धावणारे 13 होते आणि राबणारे 5. आज धावणारे शेकड्याने येतात, पण राबणारे त्या मानाने वाढत नाहीत. म्हणून ही मेल.

नाव देताना नुसतं नाव नको, तुमचा 'ए'ने सुरू होणारा नंबर पाठवा. वेबसाइटवर एकदाच नोंदणी केली की तो मिळतो आणि स्वयंसेवा त्याच नंबरावर जमा होते. आपल्या आडनावांची स्पेलिंगं तीन-तीन तऱ्हेने लिहिली जातात आणि मग काम एकाचं, नोंद दुसऱ्याच्या नावावर असं होतं. हजेरी 8:20 ला, ध्वजाजवळ. 9 ला नव्हे. 9 ला तुम्ही आपापल्या जागेवर उभे हवेत.

क्रीडा समिती

---

समितीला नमस्कार,

दोन शंका. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले आहेत, घरात बसून कंटाळलेत. बाबांचे गुडघे धरतात, आईला इंग्रजी जेमतेम. त्यांना काही काम मिळेल का? आणि व्हिजिटर व्हिसावर हे चालतं का? उगाच नंतर विमानतळावर प्रश्न नकोत.

एक नवीन सभासद

---

दादा,

व्हिसाचं आधी. यूकेच्या व्हिजिटर नियमांत स्वयंसेवा चालते. अटी दोन: संस्था नोंदणीकृत धर्मादाय हवी आणि एकूण 30 दिवसांपेक्षा जास्त नको. येण्याचा मुख्य हेतूही स्वयंसेवा हा नसावा. पार्करन नोंदणीकृत धर्मादाय आहे, आणि सहा महिन्यांत शनिवार येतात 26. आई-बाबांनी एकही चुकवला नाही तरी हिशोबात बसतात. मात्र त्या काळात दुसऱ्या कुठे, मंदिरात म्हणा किंवा चॅरिटी शॉपमध्ये, काम करत असतील तर तेही दिवस यात धरा.

आता काम. आईंना टोकनवर घ्या. बोलायचं काहीच नसतं, लागतो तो हाताचा आणि आकड्यांचा नेमकेपणा. ज्यांनी आयुष्यभर पापड मोजून दिलेत त्यांना हे शिकवावं लागत नाही. बाबांना मार्शल करा, पण वळणावरच्या बाकाजवळची जागा मागून घ्या. धावणारे नसतील तेव्हा बसता येतं.

टोकनचं काम सगळ्यात सोपं दिसतं आणि निकालाची वाट तिथेच लागते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शेवटच्या रेषेवर टाइमकीपर उभा असतो. माणूस रेषा ओलांडतो तेव्हा तो एकदा बटण दाबतो, की 1, 2, 3 अशा क्रमाने वेळा साठत जातात. रेषेच्या पुढे दोऱ्या बांधून केलेली निमुळती वाट असते, तिला फनेल म्हणतात. वाटेच्या टोकाला टोकन. टोकनवर क्रमांक आणि बारकोड छापलेला. माणूस ते घेऊन स्कॅनरकडे जातो, स्कॅनर आधी त्याचा स्वतःचा बारकोड वाचतो, मग टोकनचा. म्हणजे घड्याळाला नाव माहीत नसतं आणि स्कॅनरला वेळ माहीत नसते. दोघांना जोडणारा एकच धागा, तो क्रमांक. रेषेवरचा क्रम आणि टोकनचा क्रम यांत एकाचा फरक पडला की तिथून खालचे सगळे सरकतात.

समजा 57व्या जागी बटण एकदा जास्त दाबलं गेलं. बाबागाडी ढकलणाऱ्या आईबरोबर नोंदणी नसलेलं पोर रेषेवरून धावत आलं, एवढं पुरतं. आता 57 पासून प्रत्येकाला पुढच्या माणसाची वेळ लागते. सगळे खूश, कारण सगळे थोडे जलद झाले. उलट झालं, म्हणजे तीन जण खांद्याला खांदा लावून आले आणि बटण दोनदाच दाबलं गेलं, तर त्यानंतर येणाऱ्या सगळ्यांना आपल्या मागच्याची वेळ लागते आणि दुपारपासून तक्रारी सुरू होतात. गारठलेल्या बोटांतून 83 आणि 84 ही टोकनं चिकटून एकाच माणसाच्या हाती गेली तरी परिणाम हाच. 84वा माणूस 85 घेऊन जातो आणि तिथून प्रत्येकाला मागून आलेल्याची वेळ मिळते.

यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. दर 50 टोकनांनंतर टोकन देणाऱ्याने मोठ्याने आकडा सांगायचा, टाइमकीपरने आपला सांगायचा, कोणीतरी दोन्ही कागदावर लिहायचे. 50ला 50 आणि 100ला 101 आलं तर घोळ त्या मधल्या पन्नासांत आहे एवढं कळतं आणि रन डायरेक्टरला, म्हणजे त्या दिवसाच्या मुख्य स्वयंसेवकाला, नंतर तेवढाच तुकडा तपासावा लागतो. कागद नसेल तर त्याला तीनशे वेळा वरपासून खालपर्यंत बघाव्या लागतात. चूक झाली हे लक्षात आलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करायला जाऊ नका. बटण मुद्दाम एकदा गाळून "बरोबर करणं" म्हणजे एका चुकीच्या दोन चुका. साधारण कितव्या आकड्याला काय झालं ते सांगा आणि पुढे चालू राहा.

सुरू होण्याआधी टोकनं क्रमाने आहेत का ते एकदा बोटाखालून घाला. आधीच्या शनिवारी एखादं कोणाच्या खिशातून घरी गेलेलं असतं, मधला आकडा गायब असतो, आणि हे 9:25 ला कळण्यापेक्षा 8:40 ला कळलेलं बरं. हातमोजे बोटं उघडी ठेवणारे घ्या.

फनेलवाल्या ताई

---

सर्वांना नमस्कार,

सात जागाच का? वीस जण सहज निघतील. पूर्ण शनिवारच मंडळाने घ्यावा, सगळे पिवळ्या जॅकेटखाली भगवे टीशर्ट, फनेलच्या टोकाला बॅनर, आणि शेवटी येणाऱ्या प्रत्येकाला तिळगूळ. वर कांदेपोहे आपण करून आणू. 20 माणसांना दीड किलो जाडे पोहे पुरतात, समजा तिथल्या लोकांनाही दिले तर चार किलो. बागेतच टेबल लावू.

खाद्य समिती

---

काका, उत्साहाला नमस्कार, पण तीनही गोष्टींना माझा विरोध आहे.

तिळगूळ: तीळ आणि शेंगदाणे हे दोन्ही यूकेच्या 14 अॅलर्जी पदार्थांच्या यादीत आहेत, आणि तिळगुळात दोन्ही एकत्र. धापा टाकणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातावर न सांगता लाडू ठेवायचा नाही. द्यायचाच तर सगळं आटोपल्यावर, झाकणाच्या डब्यात, डब्यावर ठळक अक्षरांत तीळ आणि शेंगदाणे लिहून, आणि घ्यायचा त्याने स्वतः उचलून. लहान मुलांना आई-वडिलांना विचारल्याशिवाय नाही. "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला" शिकवायला मात्र परवानगी लागत नाही.

पोहे: बाग कौन्सिलची, म्हणजे इथल्या पालिकेची आहे, पार्करनची नव्हे. विनापरवाना टेबल लावलं तर बोलणी खाणार तिथली टीम, आपण नाही. शिवाय बागेतला कॅफे पार्करनच्या शनिवारी कमावतो आणि स्वयंसेवकांना स्वच्छतागृह वापरू देतो. त्याच्यासमोर फुकट नाश्ता मांडणं शोभत नाही. आणि गरम पोहे डब्यात दाबून भरले की वाफेने त्यांचा गोळा होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. कॅफेत कॉफी, मग पोहे कोणाच्या तरी घरी, कढईतून थेट ताटलीत.

वीस जण: हाच खरा मुद्दा. सगळ्या जागा आपणच घेतल्या तर अडीच तास आपण आपल्याशीच मराठीत बोलणार आणि घरी येणार. ते तर गणपतीत होतंच. सात जागा विखुरलेल्या मागितल्या आहेत ते यासाठीच. प्रत्येक आपल्या माणसाशेजारी तिथला एक जुना स्वयंसेवक. स्कॅनरच्या रांगेत दोन जण उभे असले की ओळख आपोआप होते, कारण दर वीस सेकंदांना "तुझा फोन वाचतोय का, माझा नाही" हे बोलावंच लागतं. पुढच्या महिन्यात ती व्यक्तीच तुम्हाला नावाने हाक मारते. उरलेल्या तेरा जणांनी धावायला या, चालायला या. आणि काम करून धावताही येतं. सकाळची मांडामांड, नवख्यांना मार्ग समजावणं, नंतर टोकनं लावणं या कामांच्या दिवशी दोन्ही नोंदी होतात.

फनेलमध्ये गप्पा मात्र नकोत, मराठीतही नाही आणि इंग्रजीतही. ओळखीचं कोणी आलं की टोकनवाला "अरे वा!" म्हणतो, मान वळते, आणि एक माणूस टोकनाविना निसटतो.

फनेलवाल्या ताई

---

ठीक आहे, पोहे माझ्याकडे, साडेअकराला. नारळ-कोथिंबीर वेगळी ठेवतो. डब्यावरच्या चिठ्ठ्याही मी लिहितो.

खाद्य समिती

---

मार्शल म्हणून पहिल्यांदाच उभा राहणार आहे. नक्की काय करायचं? टाळ्या वाजवायच्या एवढंच ऐकलं आहे.

ज्येष्ठ कट्टा

---

काका,

टाळ्या आहेतच, पण त्या दुसऱ्या क्रमांकावर. वाटेच्या कडेला, वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहा. आतल्या बाजूला राहिलात तर लोक तुम्हाला वळसा घालतात आणि ट्रॅक रुंदावतो. दिशा दाखवताना बोट नको, पूर्ण हात आडवा. पन्नास मीटरवरून बोट दिसत नाही. समोरून कुत्रा फिरवणारे, सायकलवाले येतील, त्यांचा बागेवर तुमच्याइतकाच हक्क आहे. "धावणारे येत आहेत" एवढं नम्रपणे सांगायचं, अडवायचं नाही.

नियम दोन लक्षात ठेवा. 11 वर्षांखालचं मूल मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरात हवं. कुत्रा एका माणसामागे एकच, आखूड पट्ट्याने हातात धरलेला. कमरेला बांधलेला चालत नाही. नियम मोडलेला दिसला तर भांडू नका, रन डायरेक्टरला कळवा.

कोणी कोसळलं तर तुम्ही त्याच्याजवळच थांबायचं. येणाऱ्या पहिल्या धडधाकट धावपटूला पुढच्या मार्शलकडे पिटाळा, दुसऱ्याला 999 (आपत्कालीन नंबर) लावायला सांगा. आपण उभे आहोत ती जागा फोनवर कशी सांगायची, कोणतं फाटक, कोणता रस्ता, हे 8:40 लाच पाठ करून ठेवा. झटका देणारं यंत्र, एईडी, कुठे ठेवलंय तेही ब्रीफिंगमध्ये विचारा.

टेल वॉकर तुमच्यापुढून जाईपर्यंत जागा सोडायची नाही. तो मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालतो, त्याच्यामागे कोणी नसतं. दोन फेऱ्यांचा मार्ग आहे, तेव्हा तो दुसऱ्यांदा गेला की सुटलात. सव्वादहाही वाजू शकतात. जानेवारीत दीड तास एका जागी उभं राहणं धावण्यापेक्षा थंड असतं: दोन जोड लोकरी मोजे, कानटोपी, आणि पायाखाली शक्यतो डांबराऐवजी गवत.

क्रीडा समिती

---

स्कॅनरवाल्या दोघांसाठी, कारण हे दरवेळी राहतं.

स्वयंसेवकांचं अॅप शुक्रवारी रात्रीच उतरवून घ्या, बागेत रेंज जेमतेम असते. अॅप चालायला रेंज लागत नाही. फोन पूर्ण चार्ज हवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते. कॅमेऱ्याची काच पुसा. 'डू नॉट डिस्टर्ब' लावा, टाइमकीपरसाठी तर सक्तीचं, ऐन वेळी पुण्याहून फोन येतोच.

धावपटूचा बारकोड फोनवर असेल तर त्याला ब्राइटनेस पूर्ण करायला सांगा आणि उन्हाकडे पाठ करून वाचा. तडा गेलेली काच आडवी धरली की बरेचदा वाचली जाते. कागदी बारकोड पावसात भिजला तर पुसू नका, शाई पसरते. नुसता टिपून घ्या. अजिबात वाचला नाही तर 'ए'चा नंबर हाताने टाका आणि दोनदा मोठ्याने वाचून घ्या. ज्याने बारकोडच आणला नाही त्याला वेळ मिळत नाही, निकालात त्या ओळीवर 'अननोन' येतं. वाद घालू नका, टोकन मात्र परत घ्या.

आणि कॅफेत शिरण्याआधी फाईल रन डायरेक्टरला पाठवा. एका फोनमधली फाईल राहिली तर त्या रांगेतले सगळे निकालात नसतात आणि तुम्ही तोवर पोह्यांना निघालेले असता.

बर्फ किंवा पाला गोठला असेल तर सकाळी मार्ग चालून पाहिल्यावरच रद्द करायचं की नाही ते ठरतं. निघण्यापूर्वी 7:45 ला इव्हेंटचं पान बघा. रद्द झालं तरी पोहे साडेअकरालाच.

फनेलवाल्या ताई